खबर काही नाही

मंगळवार, १४ एप्रिल. सूर्यास्तानंतर.

खालचा रस्ता गेला आहे. नब्हान स्वतः जाऊन पाहून आला. वादीचं, म्हणजे डोंगरातल्या कोरड्या नदीचं, पात्र ओलांडायचा सिमेंटचा पट्टा मधोमध तुटलाय आणि तिथे पुरुषभर खोल खड्डा आहे. वरचा रस्ता मी पाहिला. दुसऱ्या वळणावर कडा कोसळलाय, बसलेल्या उंटाएवढाले दगड आडवे पडलेत. मध्ये अर्ध्या किलोमीटरचा तुकडा उरला आहे. त्यावर आम्ही दोघे भाऊ आणि एक पिकअप.

रस्ते खात्यात तीस वर्षं नोंदवहीची पहिली ओळ अशीच लिहायचो: रस्त्याची स्थिती काय, आणि खात्री कोणी केली. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी हाताची सवय जात नाही.

घडलं ते असं. किनाऱ्यावरून वाळवंटात शिरलो, तीन दिवस वाळूत काढले, काल रात्री डोंगराच्या पायथ्याशी झोपलो आणि सकाळी वादी खुदैरात आलो. दुपारी जेवायला थांबलो. पिकअप वर रस्त्यावर उभी होती. बर्फाची पेटी मी खाली कोरड्या पात्रात नेऊन ठेवली, कारण खडकाच्या कपारीत गारवा होता. आमच्या डोक्यावर आभाळ स्वच्छ निळं. पाऊस वर कुठेतरी पडला असणार. आधी ओला वारा आला, मग दहा डंपर एकदम खडी ओतताहेत असा आवाज. आम्ही वर पळालो. पेटी गेली.

आणि नब्हान पेटीमागे पाण्यात उतरला! कमरेपर्यंत. मी दिशदाशाच्या लांब झग्याला मागून धरून ओढून काढला तेव्हा कुठे बाहेर आला. अर्ध्या सुरमईसाठी आणि चार लाद्या बर्फासाठी. एक्कावन्न वर्षांचा माणूस.

"मासाच गेला ना?" मी म्हणालो. "घरी पोचल्यावर अख्खी सुरमई घेऊन देतो तुला."

तो पेटी दिसेनाशी झाली त्या वळणाकडे बघत बसला. मग म्हणाला, "इथून निघायला किती दिवस लागतील, अबू राशिद?"

राशिदचा बाप. चिडला असला किंवा चेष्टेत असला की तो मला माझ्या मुलाच्या नावाने हाक मारतो. एरवी नुसतं हमूद.

"दोन. खड्ड्यात दगड भरले की झालं."

"दोन," तो म्हणाला, आणि बोटांवर काहीतरी मोजलं.

सामान: तांदूळ भरपूर, खजूर एक डबा, कॉफी, ट्यूनाचे सहा डबे, पाण्याचे वीस-वीस लिटरचे दोन कॅन, पाऊण टाकी डिझेल. फोनला इथे रेंज नाही. घरी एवढंच माहीत आहे की आम्ही डोंगरातून शनिवारी परत येणार. कोणत्या डोंगरातून, ते मी काल संध्याकाळी ठरवलं.

का ठरवलं तेही लिहून ठेवतो. पाणी किती चढलं ते दाखवणारे लाल-पांढरे खांब या वादीत मीच रोवून घेतले होते, अठ्ठ्याण्णव साली. ते एकदा बघायचे होते. वाटेच्या तोंडाशी 'रस्ता बंद' असा फलक होता. पण तो फलक आमच्याच खात्याचा. त्याचा अर्थ 'जरा सांभाळून जा' असा असतो, हे मला ठाऊक आहे.

सातपैकी पाच खांब अजून उभे आहेत.


बुधवार, १५ एप्रिल

खड्डा भरायचं काम सुरू. मोजमाप मी केलं: रुंदी साडेचार मीटर, खोली पावणेदोन. आज जेमतेम एक हात भर पडली. नब्हान दर दहा दगडांनी खाली बसतो. वाळूत चाकांची हवा काढून टेकडी चढायची तेव्हा हाच पोरासारखा ओरडत असतो, आणि आता दगड उचलायचे तर धाप लागते याला.

सकाळी तो म्हणाला, "हमूद, तो वरचा माथा बघ. तिथे रेंज मिळेल. चढून फोन करू."

"कोणाला?"

"पोलिसांना. तुझ्या खात्याला. कोणालाही."

"या भागाचा मुकादम आता नासिर आहे. त्याला खांब सरळ कसा धरायचा ते मी शिकवलं. तो बंद रस्त्यावरून मला उचलून नेणार? सगळ्या खात्यात चहाबरोबर हीच गोष्ट चघळतील."

"खांब सरळच आहेत तुझे," नब्हान म्हणाला. "तूच तेवढा वाकडा उभा आहेस."

दुपारी पुन्हा तोंड उघडलं त्याने. "हारिबकडे तू एकच पेला घेतलास."

हे तो तीन दिवस मनात धरून होता. रविवारी वाळूत म्हाताऱ्या हारिबच्या तंबूशी थांबलो होतो. त्याने उठून सलाम केला, घरच्यांची, जनावरांची, पावसापाण्याची विचारपूस केली आणि मग रीतीप्रमाणे विचारलं, "खबर काय?" मी म्हणालो, "खबर काही नाही, सगळं खैर. तुमच्याकडे?" "काही नाही, सगळं खैर." आमच्यात दुसरं उत्तर नसतंच. घर जळून राख झालं असलं तरी दारात उभ्याने कोणी सांगत नाही. माणूस आधी बसतो, खजूर येतो, कॉफी येते, आणि खरी खबर दुसऱ्या-तिसऱ्या पेल्यानंतर हळूच निघते. मला अंधारायच्या आत वाळू ओलांडायची होती. पहिल्याच पेल्याला मी पेला हलवून परत दिला, म्हणजे बस्स. म्हाताऱ्याने नब्हानकडे पाहिलं, नब्हानने माझ्याकडे.

"त्याच्याकडे काहीतरी होतं सांगण्यासारखं," नब्हान म्हणाला. "सारखा डोंगराकडे बघत होता."

"म्हातारी माणसं डोंगराकडेच बघतात."

तिथेही नब्हानने खजुराला हात लावला नव्हता. इथेही लावत नाही. त्याची बायको झुवैना त्याला बारीक करायच्या मागे लागली आहे, असं तो म्हणतो. हारिबने पुढे केलेला खजूर नाकारायचा म्हणजे हद्द झाली. आई असती तर उलथनं घेऊन धावली असती.


गुरुवार, १६ एप्रिल

भर दोन हात. अजून तेवढीच हवी. आज मी एकट्यानेच काम केलं म्हटलं तरी चालेल.

पाण्यावरून भांडण झालं. पहिला कॅन संपला. दोन दिवसांत वीस लिटर! भातासाठी मी डबक्यातलं गढूळ पाणी डोक्याच्या फडक्यातून गाळून घेतो, म्हणजे हे सगळं पिण्यातच गेलं, आणि मी दिवसाला तीन लिटरच्या वर जात नाही. रात्री तो पाच वेळा उठला. प्यायचं आणि खडकामागे जायचं, प्यायचं आणि खडकामागे जायचं.

"कॅन आहे का विहीर?" मी म्हणालो.

"तहान लागते."

"तहान सगळ्यांना लागते. माणूस दम धरतो."

"तू धर. तुला सगळं धरून ठेवता येतं."

मी दुसरा कॅन केबिनमध्ये ठेवला आणि कुलूप लावलं. त्याला दिवसाला चार लिटर, मला तीन. यात अन्याय काही नाही. संध्याकाळी मी खड्ड्यावरून आलो तर तो डबक्याशी ओणवा झाला होता, तळहाताने ते पिवळं पाणी पीत होता. मला पाहून उठला, फडक्याने तोंड पुसलं.

"बकऱ्यांना चालतं," म्हणाला.

केबिनमध्ये शेजारी बसला की त्याच्या तोंडाला वास येतो, पेरू फार पिकल्यावर येतो तसा. पोटात अन्न नसल्याने असेल. ट्यूना अर्धा टाकला त्याने.

एक गोष्ट मला बोचते, ती इथे लिहायला हरकत नाही. ही सहल त्याच्याच हट्टाने निघाली. पिकअप बाबांची. "दोघेच जाऊ, पोरं नकोत, एकदा पूर्वीसारखं वाळूतून डोंगरात जाऊन येऊ," म्हणाला. आणि आता दगड उचलायच्या वेळी हा असा.


शुक्रवार, १७ एप्रिल

रस्त्याची स्थिती तीच.

आज माथ्यावर गेलो. मला जावंच लागलं. पहाटे नब्हानला उलटी झाली. तेव्हा नासिरचा विचार मी बाजूला ठेवला. "ट्यूना खराब असणार," मी म्हणालो. तो म्हणाला, "असेल. जा तू. मी येऊ शकत नाही." माझ्या भावाने आजवर 'मी येऊ शकत नाही' असं म्हटलेलं मला आठवत नाही.

बकऱ्यांची वाट आहे, ती मध्येच संपते. तीन तास लागले. माथ्यावर पोलिसांचा नंबर लावला. लागला नाही. फोन हातात उंच धरून इकडून तिकडे फिरलो. अकराच्या सुमारास एक रेघ उमटली आणि त्याच क्षणी फोन वाजला. झुवैना. ती दोन दिवस लावत असणार.

पुढचं जसं झालं तसंच लिहितो.

"अस्सलाम अलैकुम, अबू राशिद. कसे आहात?"

"व अलैकुम अस्सलाम. अल्लाहची कृपा. तू कशी आहेस, मुलं कशी आहेत?"

"सगळे बरे. तुमची तब्येत? नब्हानची?"

"बरी, बरी. चुलत्यांची तब्येत?"

"आहे बरी. खबर काय तिकडे?"

आणि मी म्हणालो, "खबर काही नाही, झुवैना. सगळं खैर."

"अल्हम्दुलिल्लाह," ती म्हणाली. तिचा सुटलेला श्वास मला ऐकू आला. मी "पण ऐक" म्हणायला तोंड उघडलं आणि रेघ गेली.

तीन वाजेपर्यंत त्या दगडावर उभा होतो. रेघ परत आली नाही. अंधारात ती वाट उतरता येण्यासारखी नाही, म्हणून निघालो.

मी काय केलं ते नब्हानला सांगायची उतरताना शरम वाटत होती. तो पिकअपच्या सावलीत पडून होता. सांगितलं. तो हसायला लागला. पोट धरून हसला, मग खोकला, मग बाजूला वळून ओकला. नुसतं पाणी.

"सगळं खैर!" तो म्हणाला. "शाबास. आता तिने शेजारणींना हलवा वाटला असेल."

"उद्या पुन्हा जातो."

"पहाटेच जा." मग म्हणाला, "हमूद, त्या पेटीत सुरमईखाली निळी पिशवी होती. तिच्यात माझं इन्सुलिन होतं."

मला आधी शब्दच कळला नाही.

"दीड वर्ष झालं. दिवसातून चार वेळा टोचून घेतो. खडकामागे, वाळूच्या टेकडीमागे, तुझ्या पाठीमागे. शेवटचं मंगळवारी सकाळी."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तू दोन दिवस म्हणालास. दोन दिवस काढले असते मी."

"निघायच्या आधी सांगायचंस!"

"मग निघालो असतो?" त्याने मान फिरवून पिकअपकडे पाहिलं. "बाबांचा हात लुळा पडला तेव्हा त्यांच्या मुठीतून किल्ली कोणी काढून घेतली? तू. त्यांच्या भल्यासाठी. मरेपर्यंत ते संध्याकाळी अंगणात येऊन या सीटवर बसायचे, किल्लीशिवाय. तुला आवडायचं नाही ते, म्हणून तू त्या वेळी मशिदीत जायचास. मी बघायचो."

मी उठलो, केबिनचं कुलूप काढलं आणि कॅन त्याच्याजवळ आणून ठेवला. पेला भरून दिला. त्याने घेतला.

पेटी पात्रात मी ठेवली. तीस वर्षं लोकांना सांगत आलो की आभाळ निळं असलं तरी वादीच्या पात्रात काही ठेवू नका, उभं राहू नका. पोरांच्या शाळांतून जाऊन सांगितलं.


शनिवार, १८ एप्रिल. पहाट.

श्वास लांब आणि जोरात चाललाय, पळून आल्यासारखा. हाक मारली की ओ देतो, पण उशिराने. उशाशी पाण्याचे चार पेले भरून ठेवलेत, त्यातले दोन लवंडले तरी दोन राहतील. खजुराचा डबा त्याच्यापासून लांब ठेवलाय. मी निघतो.


त्याच दिवशी. दुपारी दोन.

पोलिसांचं हेलिकॉप्टर येणार आहे. खात्री झुवैनाने केली. आता क्रमाने.

आठच्या आधी माथ्यावर होतो. वाटेत एकच गोष्ट घोकत गेलो: सलाम नको, विचारपूस नको, आधी जागा, मग आजार. स्वतःशी मोठ्याने म्हणत होतो. कोणी पाहिलं असतं तर म्हाताऱ्याला भूतबाधा झाली म्हणाला असता. पोलिसांचा नंबर सहा वेळा लावला. नाही लागला. साडेनऊला रेघ आली. मी नंबर दाबतोय तोवर तिचाच फोन.

"अस्सलाम अलैकुम, अबू राशिद, काल फोन..."

"वादी खुदैरा," मी म्हणालो. "दोन्हीकडचा रस्ता गेलाय. नब्हानचं इन्सुलिन पुरात गेलं, मंगळवारी. त्याला उलट्या होताहेत."

सलामाला उत्तर न देता मी आयुष्यात कोणाशी बोललो नव्हतो. त्यात झुवैना, माझ्या चुलत्याची मुलगी, जी मला पाहून अजून डोक्यावरची ओढणी सावरते. ती गप्प झाली. मला वाटलं, रेघ गेली. मग तिचा आवाज आला आणि तिनेही एक शब्द वाया घालवला नाही.

"वादीत कुठे?"

"चौथ्या खांबाच्या वर. पिकअप रस्त्यावर आहे, पांढरी."

"शुद्धीत आहे?"

"आहे. उशिरा बोलतो."

"पाणी द्या. मागेल तेवढं, थांबवू नका. गोड काही नको. पाणी मात्र सतत..."

तिथे तुटलं. मागेल तेवढं.

नाव तिला नीट ऐकू गेलं का, खांब कळला का, काही कळायला मार्ग नव्हता. उतरावं तर उत्तर आलं तर कळणार नाही, थांबावं तर खाली तो एकटा. पाऊण तास थांबलो. हा पाऊण तास मी कोणाला सांगणार नाही. मग फोन थरथरला. संदेश होता: "पोलिसांना कळवलं. डोंगरावर ढग आहेत, उठले की हेलिकॉप्टर निघेल. अस्रच्या नमाजाआधी पोचायचा प्रयत्न करू म्हणाले. डॉक्टर सोबत आहे. नासिरलाही सांगितलंय, तो जागा दाखवायला त्यांच्याबरोबर येतोय. काल तुम्ही 'सगळं खैर' म्हणालात तेव्हा मी पहिल्यांदा झोपले."

नासिर येतोय. येऊ दे. त्याला खांबांचे नंबर पाठ आहेत. मीच करून घेतले होते.

बाराला खाली पोचलो. चारही पेले रिकामे होते. ते त्याने प्यायले की लवंडले, माती ओली होती म्हणून कळलं नाही. तेव्हापासून चमच्याने पाजतोय. कधी गिळतो, कधी ओघळतं. दोन्ही पांढऱ्या दिशदाशा रस्त्यावर पसरून कडांना दगड ठेवलेत. पुराने उपटलेला एक खांब खाली सापडला, तो आणून मधोमध उभा केलाय. वरून लाल-पांढरा दिसेल.

पिकअपची किल्ली त्याच्या मुठीत दिली आहे. पकडली त्याने.

ढग अजून दुसऱ्या कड्यापर्यंत खाली आहेत, पण मघापेक्षा विरळ. सूर्य कुठे आहे ते आता कळतंय.

ते आले की काय होईल ते मला दिसतंय. पात्यांनी धूळ उडेल, पहिला माणूस वाकून धावत येईल. नासिरच असेल. माझ्यासमोर उभा राहील, हात हातात घेईल, सलाम करील, घरच्यांची चौकशी करील, कारण त्याला तसंच वाढवलंय. आणि विचारील, खबर काय? मी उत्तर ठरवून ठेवलंय. नब्हानजवळ बसून तीनदा मोठ्याने म्हणून पाहिलं: चार दिवस इन्सुलिन नाही, काल पहाटेपासून उलट्या, श्वास जोरात, हाकेला उशिरा ओ देतो, त्याला आधी उचला.

तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा त्याने डोळे किलकिले केले.

"आधी कॉफी तरी पाज त्यांना," तो म्हणाला.

त्याला पाणी दिलं. दोन चमचे गिळले.

अस्रला, म्हणजे साडेतीनच्या नमाजाला, दीड तास आहे. अजून आवाज नाही. वारा पश्चिमेकडे वळलाय, म्हणजे आता ढग उठायला हवेत.